अर्धवट कामांचा शनिवार

"कधी संपणार गं तुझं?"

आमच्या घरात हा प्रश्न एकाच व्यक्तीला विचारला जातो. आमची धाकटी मावसबहीण. मॅडम पुण्यात पीएच.डी. करतात. चौथं वर्ष चालू आहे. लग्नकार्यात तिला 'कशावर करतेस?' असं कुणी विचारत नाही, सगळे डायरेक्ट 'कधी?'वर येतात. बिचारी हल्ली गुलाबजामची वाटी घेऊन कोपऱ्यातच उभी राहते.

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात, एका रविवारी रात्री तिचा फोन आला. "ताई, मी सोडतेय."

मला वाटलं, बॉयफ्रेंड. पण नाही, पीएच.डी.!

"का गं, गाईड त्रास देतात का?"

"छे गं. चांगले आहेत. महिन्यातून एकदा भेटतात, नीट वाचतात. पण उरलेले एकोणतीस दिवस मी आणि माझा लॅपटॉप. मी काय करतेय हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. आणि आता तर मलाही माहीत नाही."

तुम्ही-आम्ही ऑफिसात वैतागतो, पण निदान शेजारच्या टेबलावरचा प्राणीही वैतागलेला असतो. त्या वैतागावर दोघांना मिळून एक कटिंग तरी मारता येतं. रिसर्च करणाऱ्याचं तसं नसतं. एक माणूस, एक विषय, एक टेबल. प्रमोशन नाही, टीम लंच नाही, फ्रायडे ड्रेसिंग नाही.

मी आपला टिपिकल सल्ला दिला. ब्रेक घे, गोव्याला जाऊन ये. ती गेली नाही, आणि तिनं पीएच.डी.ही सोडली नाही. पण याचं क्रेडिट मला नाही. तिला चार जण भेटले, त्यांना आहे.

दोरी, आवाज आणि एक कुलूप

दिवाळीनंतर तिनं मला त्यांच्या एका शनिवारी बोलावलं. कोथरूडमधला वन बीएचके, जमिनीवर सतरंजी, मधोमध कांदेपोह्यांचं पातेलं. वेगवेगळ्या विषयांत पीएच.डी. करणारी पाच पोरं. दर पंधरा दिवसांनी भेटतात. एंट्रीचा नियम एकच : पेपर आणायचा नाही, वस्तू आणायची. आपल्या अभ्यासातून हातानं केलेली किंवा टिपलेली काहीतरी गोष्ट. आणि तीसुद्धा अर्धवट!

टँकरच्या पाण्यावर अभ्यास करणाऱ्या मुलानं सुतळीची दोरी आणली होती. हातभर अंतरावर एकेक गाठ. एक गाठ म्हणजे एका बाईनं पाण्याच्या रांगेत उभं राहून घालवलेला एक तास. एका घराचा एक आठवडा. थिसीसमध्ये हा आकडा टेबलच्या एका चौकोनात मावतो. दोरी हॉलमधून निघून किचनच्या ओट्यापर्यंत गेली. आम्ही ती हातातून हातात सरकवत होतो आणि कुणी काही बोलत नव्हतं.

एसटीतल्या महिला कंडक्टरवर काम करणारीनं पहाटे चारच्या डेपोतले आवाज ऐकवले. मग आमच्या मॅडमची पाळी. तिचा विषय, ऊसतोड कामगारांची मुलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबं कारखान्यांच्या भागात ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात पोरांच्या शाळेचं जे व्हायचं ते होतं. तिच्याकडे चाळीस मुलाखती होत्या. त्या बाजूला ठेवून तिनं तिसरीतल्या एका मुलीचं चित्र सतरंजीवर ठेवलं. 'माझं घर.'

चित्रात घरं दोन होती. एक पत्र्याचं, एक कारखान्याजवळची कोपी. मधे लांबलचक रस्ता, त्यावर ट्रॅक्टर. आणि पत्र्याच्या घराला घराएवढंच मोठं कुलूप.

हे खूळ आलं कुठून?

मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा तिनं एक पुस्तक पुढं केलं. गोष्ट कॅनडातली आहे. व्हँकूव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात, शिक्षणशास्त्राच्या विभागात, २००० सालाच्या आसपास प्राध्यापिका रिटा अर्विन आणि त्यांच्याभोवतीचे एम.ए., पीएच.डी.चे विद्यार्थी यांना एक अडचण जाणवत होती. यातले बरेच जण स्वतः कलाकार होते आणि शिकवतही होते. रिसर्च करायला बसलं की मात्र चित्रकाराची टोपी काढायची, मास्तरांची टोपी काढायची आणि फक्त संशोधकाची घालायची! त्यांनी ठरवलं, तिन्ही टोप्या एकदमच घालू.

त्यांनी 'आर्ट' या शब्दातली तीन इंग्रजी अक्षरं घेतली. ए म्हणजे आर्टिस्ट, आर म्हणजे रिसर्चर, टी म्हणजे टीचर. मधे तिरप्या रेघा टाकल्या, पुढे 'ग्राफी' जोडलं आणि नाव झालं 'ए/आर/टोग्राफी'. २००४ मध्ये या नावाचं पुस्तक आलं. संपादक दोन, एक रिटा अर्विन आणि दुसरे अलेक्स द कॉसन. हे द कॉसन मूळचे शिल्पकार, तिथंच पीएच.डी. केलेले. म्हणजे कव्हरवर गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी!

दुसऱ्या वर्षी स्टेफनी स्प्रिंगे, अर्विन आणि सिल्व्हिया विल्सन काइंड या तिघींनी मिळून लेख लिहिला आणि या कामामागच्या सहा कल्पना मांडल्या. 'स्टेप वन, स्टेप टू' असा मामला नाही हं. मला त्यातल्या दोन आवडल्या. एक, फट. काम असं ठेवायचं की दुसऱ्याला त्यात शिरायला जागा राहील. दुसरी, उरलेलं. टेबलात, आलेखात, निष्कर्षात जे बसत नाही आणि बाहेर सांडतं, तिकडे आधी बघायचं. पुढे ही मंडळी शेजारच्या रिचमंड शहरात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांसोबत त्यांच्या आठवणी आणि फोटो घेऊन बसली. 'सिटी ऑफ रिचगेट' हा तो प्रकल्प. त्यावरच्या २००६ च्या एका लेखाला लेखक किती? सहा.

अशा कामाला 'आर्ट-बेस्ड रिसर्च' म्हणतात. कलेवर संशोधन नव्हे, कलेतून संशोधन.

पण याला रिसर्च म्हणायचं का?

तुमच्या मनात आलेला प्रश्न फार मोठमोठ्या लोकांच्या मनात येऊन गेलाय. १९९६ मध्ये अमेरिकेत शिक्षण-संशोधकांच्या अधिवेशनात यावर जाहीर वाद झाला. विषय होता, कादंबरीला पीएच.डी.चा प्रबंध मानावं का? स्टॅनफर्डचे इलियट आयझनर म्हणाले, मानावं. 'मल्टिपल इंटेलिजन्स'वाले हॉवर्ड गार्डनर म्हणाले, नको. त्यांचा मुद्दा साधारण असा की, प्रबंध लिहिणाऱ्यानं खरं काय घडलं ते काळजीपूर्वक शोधायचं असतं, कादंबरीकारावर तसं बंधन नसतं.

गार्डनर यांचं म्हणणं मला आजही हसण्यावारी नेण्यासारखं वाटत नाही. पण गाडी पुढे गेली. १९९९ मध्ये त्याच व्हँकूव्हरच्या विद्यापीठात भारतात जन्मलेल्या रिश्मा डनलॉप यांनी प्रबंध म्हणून चक्क कादंबरी दिली आणि ती मंजूर झाली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात निक सुझानिस यांनी आख्खा प्रबंध कॉमिकमध्ये काढला. पुढच्याच वर्षी तो 'अनफ्लॅटनिंग' नावानं हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापला. आता बोला!

पण दोरी आणली म्हणून रिसर्च होत नाही. भिशीतही छान छान वस्तू असतात. या पाच जणांच्या शनिवारची भिशी का होत नाही, तर त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीमुळे. ती त्यांनी अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांच्याकडून उचललीय. लर्मन यांनी ती १९९० च्या सुमारास बसवली. चार पायऱ्या. पहिली : बघणाऱ्यांनी फक्त एवढंच सांगायचं की यातलं काय मनाला भिडलं, काय लक्षात राहिलं. दुसरी : काम आणणाऱ्यानं प्रश्न विचारायचे. तिसरी : बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत लपवायचं नाही. 'एवढं लांबलचक का केलंस?' हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे! चौथी : मत द्यायचंच असेल तर आधी विचारायचं, 'मला यावर एक म्हणायचंय, चालेल?' आणि समोरच्याला 'नको' म्हणायची मुभा.

आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा मी डोळ्यांपुढं आणल्या. आम्ही सगळे थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो. तीही परवानगी न घेता.

तिसरी पायरी

चित्र सतरंजीवर होतं. पहिल्या दोन पायऱ्या छान पार पडल्या. कुलूप सगळ्यांनाच दिसलं होतं. माझी बहीण खूश होती, चाळीस मुलाखतींत जे सापडलं नाही ते या एका कागदात होतं. तेवढ्यात दोरीवाला मुलगा साध्या आवाजात म्हणाला, "हे चित्र इथं आहे, हे त्या मुलीला माहितीये?"

पोह्यांची डिश माझ्या हातात तशीच राहिली.

वडिलांची सही घेतलेली होती. नियमाप्रमाणे मुलीचं नाव पांढऱ्या पट्टीनं झाकलेलं होतं. कागदोपत्री सगळं चोख. पण मुलीला कुणी विचारलं नव्हतं. आणि एव्हाना ते कुटुंब कारखान्यावर गेलेलं.

बहीण जानेवारीत तिकडे गेली. मुकादमाला फोन, एसटी, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून. कोपी सापडली, मुलगीही सापडली. चित्र बघून ती हसली आणि मग पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "माझं नाव का झाकलं? मी काढलंय ना!"

आता घ्या. नियम सांगतो, लहान मुलांची नावं छापायची नाहीत. तो नियम चांगल्या कारणासाठीच आहे. आणि मुलगी सांगते, काम माझं आहे, नाव लावा. बहिणीनं मूळ चित्र तिला परत दिलं, तिच्या आणि आईवडिलांच्या परवानगीनं झेरॉक्स ठेवली. प्रबंधात नाव येणार नाही, इथंही येणार नाही. पण त्या मुलीचा प्रश्न आता प्रबंधात आहे आणि तो पूर्ण प्रकरणभर पुरलाय. पाच जणांचं यावर अजून एकमत नाही. गेल्या शनिवारीही भांडले म्हणे.

मला वाटतं, असा गट लागतो तो याचसाठी. धीर द्यायला मित्र असतात, चुका काढायला गाईड असतात. पण आपलं काम नक्की कुणाकुणाचं आहे, हे एकट्याला टेबलाशी बसून दिसत नाही. पदवीवर नाव एकाचंच येतं. त्याखाली दोरीच्या गाठी असतात, झाकलेली नावं असतात.

आणि हे करायला व्हँकूव्हरच लागतं असंही नाही. अर्जुन अप्पादुराई यांनी २००१ मध्ये मुंबईत 'पुकार' ही संस्था सुरू केली. तिच्या युथ फेलोशिपमध्ये २००५ पासून तरुण मुलामुलींचे गट आपल्याच आजूबाजूचा विषय घेऊन वर्षभर संशोधन करू लागले. त्यासाठी पीएच.डी.ची अट नव्हती. संशोधन हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं अप्पादुराई यांनी २००६ मध्ये लिहिलं, ते याच अनुभवाच्या आसपास.

जाता जाता

आपण ऑफिसवाले फक्त तयार गोष्टी दाखवतो. फायनल पीपीटी, फिल्टर मारलेला फोटो, अप्रेझलमधले पाच बुलेट पॉइंट्स. अर्धवट काम दाखवायला चार माणसं लागतात, एक सतरंजी लागते आणि तिसऱ्या पायरीवरचा प्रश्न ऐकून घ्यायची तयारी लागते. शेवटचं जरा जड जातं.

बहिणीचा प्रबंध अजून सबमिट झालेला नाही. पण पुढच्या लग्नात एखादी पोरगी गुलाबजाम घेऊन कोपऱ्यात उभी दिसली, तर तिला 'कधी?' विचारू नका. "काय करतेस सध्या? दाखव ना," एवढंच म्हणा. आणि मग दहा मिनिटं काढून खरंच बघा.