एक्स्टेन्शन कुणासाठी?

आईबाबांचे अमेरिकेतले सहा महिने संपत आले, की "एक्स्टेन्शन टाकून दे, सगळेच टाकतात" हा सल्ला इथल्या मराठी मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मिळतो. माझं मत याच्या उलट आहे. मुदतवाढ ही आजारपणासाठी, अपघातासाठी, खऱ्या अडचणीसाठी ठेवलेली सोय आहे. तिकीट काढतानाच ती गृहीत धरू नये. अर्ज आपण भरतो, सोय आपली होते, आणि बिघडलं तर ते आईच्या पासपोर्टवर बिघडतं.

आधी तारखेचा घोळ मिटवू. भारतीयांना पर्यटनाचा बी-२ व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि बाबा तो पासपोर्ट उघडून अभिमानाने दाखवतात. पण त्या दहा वर्षांत अमेरिकेच्या दारापर्यंत यायची मुभा असते. दाराच्या आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ वर होते. २०१३ पासून विमानप्रवाशांसाठी ही नोंद ऑनलाइन झाली. हातात कागद येत नाही, म्हणून ती बघायचीच राहते. बहुधा सहा महिने मिळतात, पण "बहुधा"वर विसंबू नये. आईची आणि बाबांची तारीख वेगवेगळी उघडून पाहावी. नायगराला कॅनडाच्या बाजूने दोन दिवस राहून आलं की नवे सहा महिने मिळतात, असंही एक जण हमखास सांगतो. तीस दिवसांच्या आतल्या अशा फेरीनंतर सहसा जुनीच तारीख कायम राहते.

ती तारीख उलटून अर्जाविना एक दिवस जरी जास्त राहिलं, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने रद्द ठरतो. पुढचा व्हिसा भारतातूनच, नव्याने मागायचा. म्हणजे सत्तरीच्या माणसाने पुन्हा फॉर्म भरायचा, अपॉइंटमेंटची वाट पाहायची, मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीच्या रांगेत उभं राहायचं आणि "मागच्या वेळी वेळेवर का परतला नाहीत?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं. एकोणऐंशीच्या पुढच्यांना पूर्वी मुलाखत सहसा माफ असे. सप्टेंबर २०२५ पासून ती सवलतही काढून घेतली आहे.

हा झाला किरकोळ उशिराचा हिशेब. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्षभर किंवा जास्त राहून गेलं, तर दहा वर्षं. १९९६ च्या कायद्याने हे आकडे ठरवले तेव्हा ते कुणाला डोळ्यांसमोर ठेवून ठरवले असतील ते असो. बहात्तर वर्षांच्या बाईच्या बाबतीत दहा वर्षांची बंदी म्हणजे नातीची मुंज नाही, ग्रॅज्युएशन नाही आणि कदाचित लग्नही नाही. (हो, नातीची मुंज. आपल्या गावात झाली आहे.)

"कोण बघतंय?" हा युक्तिवाद तर ऐकवत नाही. जाताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणून नोंद होत नाही असं लोकांना वाटतं. विमान कंपन्या प्रवाशांच्या याद्या सरकारला देतात, निघाल्याची तारीख आय-९४ च्या नोंदीला जोडली जाते आणि पुढच्या खेपेला काउंटरवरच्या माणसासमोर ती असते. "आमच्या सासूबाई आठ महिने राहिल्या, काही झालं नाही" असं सांगणाऱ्यांना विचारावं, त्यानंतर सासूबाई पुन्हा आल्या का?

आता वेळेत अर्ज करणाऱ्यांबद्दल. अर्ज आय-५३९. तो मुदत संपण्याआधीच पोचायला हवा. किमान पंचेचाळीस दिवस आधी करा, असं इमिग्रेशन खातं (यूएससीआयएस) स्वतः सांगतं. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन शुल्क ४२० डॉलर, कागदावर ४७०. नवराबायको एकाच अर्जात बसतात. वेळेत आणि खऱ्या कारणासाठी केलेला अर्ज पडून असेपर्यंत बेकायदा दिवस मोजले जात नाहीत, आणि "सगळे टाकतात"वाल्यांचा सगळा भरवसा यावरच असतो. पण या काळात आईची अवस्था काय असते? मंजुरी हातात नाही, नकारही नाही. जुनी तारीख उलटून गेलेली. निकाल आपण मागितलेल्या तारखेच्याही नंतर येऊ शकतो. मधेच नकार आला, तर दुसऱ्या दिवसापासून बेकायदा मुक्काम सुरू, आणि आपण तिकिटं शोधत बसायचं. निकालाआधीच ती परतली, तर अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. मग अर्जाची पावती आणि बोर्डिंग पास पुढच्या प्रवासासाठी जपून ठेवायचे. मंजूर झालं तरी पुढच्या वेळी अधिकारी विचारणारच: वर्षातले नऊ-दहा महिने इथे, मग तुमचं घर नेमकं कुठे?

खरी गरज असेल तर जरूर अर्ज करा, बिचकू नका. बाबांना इथे हृदयविकाराचा झटका आला, डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली, तर त्यांचं पत्र, खर्चाची तजवीज आणि परतीचं नवं तिकीट जोडून अर्ज करायचा. २०२० च्या मार्चमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली तेव्हा इथे अडकलेल्या आईवडिलांनी दुसरं काय करायचं होतं? हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल, तर तो माफ करण्याची तरतूदही नियमांत आहे. आणि अशा वेळी मंडळातल्या अनुभवी मंडळींना नव्हे, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं.

पण आपल्याकडचं नेहमीचं कारण वेगळंच असतं, आणि ते स्पष्ट बोलू या. बाळ तीन महिन्यांचं आहे, सुनेची रजा संपली, डेकेअरमध्ये जागा नाही आणि असली तरी परवडत नाही. आई आणखी चार महिने राहिली तर निभेल. मला ही ओढाताण कळते. पण अर्जात "नातवाला सांभाळायला" असं लिहिलं, तर पाहुणी आता कामाला लागली असा अर्थ काढायची सोय आपणच करून देतो. आणि "अमेरिका आणखी बघायची आहे" असं लिहिलं, तर ते खोटं असतं. त्यापेक्षा जुनी रीत बरी. बाळंतपणाला आधी मुलीची आई, ती गेली की सासूबाई. पाच आणि पाच, दहा महिने होतात आणि एकही अर्ज लागत नाही. दोन विहिणींपैकी कुणाचं वळण बाळाला लागणार यावर वाद होतील, ते झेपतात.

"मुलगा सिटिझन आहे, त्यामुळे ओव्हरस्टे माफ होतो" हेही ऐकू येतं. त्यात तथ्य आहे: एकवीस वर्षांवरचा नागरिक आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकतो, आणि रीतसर प्रवेश केलेल्या पालकांच्या बाबतीत उलटलेली मुदत सहसा आड येत नाही. पण आपल्यातले कितीतरी जण एच-१बी वर, स्वतःच्याच ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे आहेत. त्यांना ही वाट नाही. ज्यांना आहे त्यांनी आईला विचारलं का? ग्रीन कार्ड घेतलं की इथे राहावं लागतं. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की प्रश्न सुरू होतात.

आणि आईबाबांचं तिकडे काही असतं. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. सोसायटीची पुनर्विकासाची बैठक असते, तिच्यात सह्या हव्या असतात. सहा महिन्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून आणलेल्या असतात, आणि इथला प्रवासी विमा जुन्या दुखण्यांना बहुधा हात लावत नाही. भिशी असते, फिरायला जायची टोळी असते. "राहा अजून" या आपल्या आग्रहाला ते "बघू" म्हणतात आणि आपण त्याचा होकार धरतो.

म्हणून मंडळाला एक सूचना. उन्हाळी सहलीच्या दिवशी, ज्येष्ठांची नावनोंदणी जिथे होते त्याच टेबलावर, एक लॅपटॉप आणि एक प्रिंटर ठेवावा. आलेल्या प्रत्येक आईबाबांचं आय-९४ तिथेच उघडून, छापून त्यांच्याच हातात द्यावं, मुलामुलींच्या नव्हे. कागद आणि शाईचा खर्च मी देईन.