‘बुलेटप्रूफ’ : एका शब्दाने घातलेला घोळ (थ्रेड)

पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात छातीचे एक चिलखत आहे, पितळेने मढवलेले. त्याच्या उजव्या बाजूला तोफगोळ्याने पाडलेले, मूठ सहज आत जाईल एवढे भगदाड आहे. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणात पडलेल्या फोव्हो नावाच्या फ्रेंच घोडेस्वाराचे हे चिलखत, असे मानले जाते. समाजमाध्यमांवर त्याचे छायाचित्र अधूनमधून उगवते आणि खाली ठरलेली ओळ असते : बंदुकीची दारू आली आणि चिलखत संपले.

ही ओळ इतिहास म्हणून टाकाऊ आहे. तोफगोळा अडवण्यासाठी कोणत्याही शतकात कोणीही छातीचे चिलखत घडवले नव्हते. धरण फुटल्यावर छत्री काय कामाची, असे विचारण्यासारखेच हे आहे.

दुसऱ्या टोकाला भाबड्यांचा पंथ आहे. जुन्या कारागिरांचे पोलाद असे होते की त्यातून काहीच आरपार जात नसे, असे तो सांगतो. वरवर हे दोन पक्ष भांडतात. पण कोणती गोळी, किती वेगाने, किती अंतरावरून आणि शरीराच्या कोणत्या भागावर, हा प्रश्न दोघेही गाळतात.

घोळाचे मूळ ‘प्रूफ’ या शब्दात आहे. ‘वॉटरप्रूफ’ म्हटले की पाणी आत येणार नाही, एवढे आपल्या कानाला कळते. म्हणून ‘बुलेटप्रूफ’ म्हणजे अभेद्य असा अर्थ लावला जातो. सोळाव्या शतकातील इंग्रज चिलखतकाराच्या तोंडी मात्र ‘प्रूफ’ म्हणजे परीक्षा. मराठीत सोने कसाला लावतात, तसे चिलखत कसाला लावले जाई. ‘पिस्तूल-प्रूफ’ म्हणजे पिस्तुलाच्या कसाला उतरलेले, ‘मस्केट-प्रूफ’ म्हणजे लांब नळीच्या जड बंदुकीच्या कसाला उतरलेले. परीक्षेच्या गोळीने पत्र्यावर पडलेला खळगा मुद्दाम तसाच ठेवत. तो दोष नव्हता, ती सही होती.

अशा परीक्षेचे एक उत्तम उदाहरण १५९० सालचे आहे. राणी एलिझाबेथच्या शस्त्रागाराचा प्रमुख सर हेन्री ली याच्यापुढे वाद आला : इंग्लंडमधील श्रॉपशरचे लोखंड परदेशी पोलादाच्या तोडीचे आहे काय? लीने शब्दांचा खल केला नाही. दोन्ही धातूंची चिलखते घडवून घेतली आणि दोहोंवर सारख्याच भाराने पिस्तूल झाडले. परदेशी पत्र्यावर जेमतेम खळगा पडला. इंग्रजी पत्र्यातून गोळी आरपार गेली. शस्त्र तेच, दारू तितकीच, बदलला तो फक्त धातू. आज इंटरनेटवर बाजारू पत्र्याला आधुनिक रायफलने भोके पाडून ‘मध्ययुगीन चिलखताची कसोटी’ म्हणून खपवणाऱ्यांपेक्षा हा दरबारी गृहस्थ अधिक शास्त्रीय होता.

तरीही तो खळगा काय सांगत नाही, तेही पाहिले पाहिजे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे जुन्या शस्त्रांचे प्रचंड कोठार आजही शाबूत आहे. तेथील संशोधकांनी १९८८-८९ मध्ये मूळ शस्त्रे प्रत्यक्ष झाडून पाहिली. सुमारे १५७० च्या, जवळपास तीन मिलिमीटर जाडीच्या छातीच्या पत्र्यावर अवघ्या साडेआठ मीटरवरून जुने पिस्तूल झाडले गेले. गोळीने पत्रा भेदला, पण मागच्या तागाच्या कापडातच ती अडकली. आता या चिलखताला यशस्वी म्हणायचे की अयशस्वी? पत्रा हरला आणि माणूस बहुधा वाचला असता. ‘भेदले की नाही’ एवढेच विचारणाऱ्याच्या हाती असे उत्तर लागतच नाही.

मग चिलखत मागे का पडले? बंदुकीपुढे ते एका दिवसात निकामी झाले म्हणून नव्हे. मस्केटच्या कसाला उतरायचे तर पत्रा जाड हवा, आणि जाडी म्हणजे वजन. फ्रेंच सेनानी फ्रान्स्वा द ला नू याने १५८७ मध्येच टीका केली होती की लोक चिलखताऐवजी अंगावर ऐरणी लादून घेत आहेत. छाती जाड करायची तर हातापायांवरचे लोखंड उतरवावे लागे, आणि झालेही तेच. १८८० साली ऑस्ट्रेलियात नेड केली या दरोडेखोराने नांगराच्या पात्यांपासून सुमारे ४४ किलोंचे चिलखत बनवले. पोलिसांच्या गोळ्या त्याच्या छातीवरून परतल्या. पाय उघडे होते, तिथेच तो जायबंदी झाला. त्याच्या चिलखताने जे झाकले ते राखले. उघड्या पायांचा दोष लोखंडाला कसा द्यायचा?

प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते, हे मराठी मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. तिथेही तोच न्याय आहे : ते चिलखत पात्याच्या घावासाठी होते आणि त्या कसाला ते उतरले. आजही सुरा अडवणाऱ्या जॅकेटची परीक्षा निराळी आणि गोळी अडवणाऱ्याची निराळी. एकातील यश दुसऱ्याची हमी देत नाही.

आधुनिक मानकांकडे वळल्यावरही जुनाच गैरसमज नव्या कपड्यांत भेटतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसने १९७२ मध्ये पहिले मानक काढले आणि पुढे त्याच्या पातळ्या जगभर प्रमाण मानल्या गेल्या. लोक त्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या वाचतात : वरची पायरी गाठली की खालचे सगळे आपोआप जिंकले. २००८ च्या आवृत्तीत तिसरी पातळी म्हणजे ९.६ ग्रॅम वजनाची ७.६२ मिलिमीटरची नाटो गोळी, सेकंदाला ८४७ मीटर वेगाने. या कसाला उतरलेल्या काही पोलादी प्लेट ५.५६ मिलिमीटरच्या, जेमतेम साडेतीन ग्रॅमच्या, पण अधिक वेगवान गोळीने फुटतात. उलट पॉलिएथिलीनच्या प्लेट ती वेगवान गोळी अडवतात आणि पोलादी टोकाच्या गोळीपुढे हार मानतात. शिडी होती कुठे? २०२३ च्या आवृत्तीत या गोळ्यांची नावे परीक्षेत घालावी लागली, ती यामुळेच.

परीक्षेत जॅकेटमागे माणूस नसतो, चिकणमातीसारखा लगदा असतो. त्यात ४४ मिलिमीटरपर्यंतचा खळगा चालतो. हा आकडा १९७० च्या दशकात शेळ्यांवर झालेल्या प्रयोगांतून आला, आणि तोही कमी वेगाच्या पिस्तुलाच्या गोळीपुरता. आज तोच रायफलच्या प्लेटलाही लावतात. जॅकेट ‘पास’ झाले तरी आतील बरगडी मोडू शकते, ही बाब विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडणे अवघड.

आणि काळ? झायलॉन नावाच्या धाग्याची जॅकेटे नवी असताना परीक्षेत उत्तम उतरली होती. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका पोलिसाच्या अंगावरचे असे जॅकेट गोळीने भेदले गेले आणि तो गंभीर जखमी झाला. चौकशीत वापरलेली १०३ जॅकेटे तपासली, त्यांपैकी ६० जॅकेटांतून किमान एक तरी गोळी आरपार गेली. उष्णता आणि दमटपणा यांनी धागा आतून सडवला होता. दमट हवेत घामाने भिजणाऱ्या शिपायासाठी याचा अर्थ काय, हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. पुढच्या मानकात जॅकेट आधी दहा दिवस उष्ण, दमट पिंपात घुसळून मगच गोळी झाडण्याची अट आली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे जॅकेट चढवताना साऱ्या देशाने पाहिले. पुढे ते जॅकेट गहाळ झाल्याचे उघड झाले आणि महाराष्ट्रात अनेक वर्षे वाद रंगला, तो ‘अस्सल की नकली’ याच भाषेत. हल्लेखोरांच्या हाती एके पद्धतीच्या रायफली होत्या. पोलिसांना दिलेली जॅकेटे कोणत्या गोळीच्या, कोणत्या वेगाच्या कसाला उतरली होती, किती वर्षांपूर्वीची होती आणि मान, खांदा, बगल यांपैकी काय झाकत होती, हे प्रश्न त्या गदारोळात फारसे ऐकू आले नाहीत. ‘बुलेटप्रूफ’ म्हटल्यावर ते विचारण्याची गरजच कोणाला वाटत नाही. वस्तू गहाळ झाल्यावर तर ते विचारून उपयोगही उरला नाही.

भारतीय मानक ब्यूरोने २०१८ मध्ये आयएस १७०५१ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात एके-४७ च्या पोलादी गाभ्याच्या गोळीचा स्वतंत्र विचार आहे. त्या मानकाच्या नावात ‘प्रूफ’ हा शब्द नाही. तेथे ‘बुलेट रेझिस्टंट’, म्हणजे गोळीला प्रतिकार करणारे, असे लिहिले आहे. मराठी बातम्यांत मात्र जॅकेट अजूनही ‘बुलेटप्रूफ’च असते.