साडेसातचं कुलूप

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या गावातल्या एका मुलींच्या वसतिगृहात आरोग्यावर गटचर्चा घ्यायला गेले होते. मुली बोलल्या गेटबद्दल. साडेसातला गेट बंद, मग हजेरी, रजिस्टरवर सही. कॉलेजचं ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं, तिथे बसतात मुलगेच. त्यांच्या वसतिगृहालाही नियम आहेत, कुलूप मात्र नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एकजण म्हणाली, "ताई, दहा मिनिटं उशीर झाला तरी घरी फोन जातो. वडील म्हणतात, पुरे झालं शिक्षण, ये परत." मुलाला उशीर झाला तर दंड होतो. मुलीचं शिक्षणच थांबतं. सुरक्षिततेच्या नावाखाली हेच टांगतं ठेवलेलं असतं.

रेक्टरबाईंना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. "उद्या काही झालं तर जाब मलाच विचारणार ना?" असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटं नाही. तुटपुंज्या पगारावर त्याही तिथेच कोंडलेल्या.

पुण्यात १८८४ साली हुजूरपागा निघाली, १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी संस्था काढली. त्या काळी कडक पहाऱ्याची हमी दिल्याशिवाय मुलगी घराबाहेर पाठवायला कोण धजावलं असतं? ती तडजोड होती. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, तडजोड तशीच राहिली.

जिथे ती सैल झाली तिथे मुलींनीच हलवली. २०१५ साली दिल्लीत 'पिंजरा तोड' मोहीम उभी राहिली. २०१७ च्या सप्टेंबरात बनारस हिंदू विद्यापीठात छेडछाडीविरुद्ध दाद मागणाऱ्या मुलींनी लाठ्या खाल्ल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली अधिसूचित केलेल्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत तर स्पष्टच म्हटलं आहे, की सुरक्षिततेचं कारण सांगून वसतिगृहात मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. किती रेक्टरांच्या टेबलावर ही नियमावली आहे?

महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली. चांगलंच झालं. पण फी माफ झालेली मुलगी साडेसातनंतर प्रयोगशाळेत थांबू शकत नसेल, तर तिला शिक्षण अर्धंच मिळतं. (प्रकल्प वेळेत झाला नाही की, मुलींना या विषयात गतीच नसते, असं ऐकवायला सर मोकळे!)

मी रेक्टरबाईंना अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं विचारली. त्यांना ठाऊक नव्हती, भिंतीवरही नव्हती. गेटच्या वेळेचा फलक मात्र रंगवून लावलेला.

शेवटी मुलींनी अर्ज लिहायला घेतला. ग्रंथालयापासून गेटपर्यंतच्या रस्त्यावर दिवे लावा, समितीची नावं लावा, परीक्षेच्या महिन्यात तरी गेट दहापर्यंत उघडं ठेवा. एकोणीसजणींनी सह्या केल्या. मग एकीने विचारलं, "ताई, याची प्रत घरी तर नाही ना जाणार?" आणि सहाजणींनी आपली नावं खोडली.