कच्ची पपई आणि आयुष्यभराची भीती

परसात पपईचं झाड असतं, खोडाला चिकटून पपया लगडलेल्या असतात, तरी "एक कच्ची काढ गं, कोशिंबीर करू" असं सुनेला कुणी म्हणत नाही. पिकेपर्यंत वाट बघायची, निम्म्या पाखरांनी खायच्या. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईची फोड चालते. केकमधली लाल-हिरवी टुटीफ्रुटी चालते, आणि तीही कच्च्या पपईचीच असते बरं का! बाईच्या ताटात मात्र ती नको. का, तर म्हणे उष्ण पडते.

यात खरं किती? गरोदरपणी कच्ची पपई खाऊ नये, हे मात्र बरोबर आहे. कच्च्या फळात चीक भरपूर असतो. त्या चिकाने गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, असं सिंगापूरच्या संशोधकांना २००२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. पिकलेल्या पपईच्या रसाने तसं झालं नाही. तेव्हा दिवस गेले असतील, किंवा तशी शंका जरी असेल, तर कच्ची पपई टाळावी. पण हा नऊ महिन्यांचा नियम आपण वयात आलेल्या मुलीपासून पन्नाशीच्या बाईपर्यंत सगळ्यांना लावून टाकला! दुसरीकडे पाळी लांबली की गुपचूप कच्ची पपई खाणाऱ्याही आहेत. मैत्रिणींनो, हा भरवशाचा उपाय नाही. वेळ घालवू नका, चाचणी करा आणि डॉक्टरांकडे जा.

बाकीच्यांनी मात्र खुशाल खावी. गुजराती घरांत फाफड्याबरोबर कच्च्या पपईचा संभारो लागतोच. लाओस आणि त्याला लागून असलेला थायलंडचा इसान भाग, इथे तर ती रोजच्या जेवणातली. तिथल्या कोशिंबिरीचं नाव 'सोम तम'. सोम म्हणजे आंबट, तम म्हणजे कुटणं. रस्त्यावरची विक्रेती आधी विचारते, मिरच्या किती घालू? मग गिऱ्हाईकासमोरच उंच उखळात कुटून देते. पपई, मिरची, शेंगदाणे, टोमॅटो हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं; तिथेही पाहुणं आणि आपल्याकडेही. म्हणूनच सामान शोधायला मोठ्या शहरात जावं लागत नाही.

पपई अगदी कडक, आतून पांढरी आणि बियाही पांढऱ्या, अशी बघून घ्या. गर गुलाबी व्हायला लागला असेल तर ती पिकू द्या. हाताला तेल चोळून साल काढा, नाहीतर चिकाने खाज सुटते. बिया काढून लांब लांब किसा आणि दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून घट्ट निथळा. दोन वाट्या किसाला दोन लसूण पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या खलबत्त्यात ठेचा. त्यात चमचाभर गूळ, मीठ आणि एका लिंबाचा रस घालून गूळ विरघळू द्या. चवळीच्या चार-पाच कोवळ्या शेंगा मोडून घाला, जरा चेचा. मग एक टोमॅटो फोडी करून आणि शेवटी कीस. खलबत्ता लहान असेल तर हे सगळं पातेल्यात घेऊन लाटण्याच्या टोकाने करा. इथे जोर लावायचा नाही हं. एका हाताने हलकेच चेपायचं, दुसऱ्या हाताने चमच्याने खालवर करायचं. किसाचा लगदा झाला की मजा गेली. वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट, मुठभर.

तिकडे यात माशांचं खारवलेलं पाणी आणि सुकी कोळंबी पडते. कोकणातल्या मैत्रिणींनी थोडे सोडे भाजून घालायला हरकत नाही. शाकाहारी घरात मीठ-लिंबू पुरेसं. तिकडे ही चिकट भाताबरोबर खातात, आपल्याला ज्वारीची गरम भाकरी चालेल. पानं घेतल्यावरच कालवा, कारण अर्ध्या तासात पाणी सुटतं. आणि मिरच्या किती, ते या वेळी तुमच्या जिभेला विचारा.