विश्लेषण : मक्याच्या मुळावर उठलेले तण वाणातूनच कसे रोखणार?

पाऊस वेळेवर झाला, पेरणी साधली, तरीही मका पाणी न मिळाल्यासारखा कोमेजतो, पिवळा पडतो. मग त्याच्या बुंध्याशी जांभळट-गुलाबी फुलांचे देखणे रोप उगवते. पश्चिम केनियापासून नायजेरियापर्यंतच्या छोट्या शेतकऱ्यांना हे दृश्य परिचित आहे. हे रोप म्हणजे ‘स्ट्रायगा’ हे परजीवी तण. महाराष्ट्रात ज्वारीवर येणारा टारफुला याच कुळातला. आफ्रिकेत मक्याचे प्रतिकारक वाण हा त्यावरचा आशादायक उपाय मानला जातो. मात्र ‘प्रतिकारक’ कशाला म्हणायचे, हा कळीचा प्रश्न आहे.

हे तण नेमके काय करते?

स्ट्रायगाचे बी धुळीच्या कणाएवढे असते. एक रोप हजारो बिया टाकते आणि त्या जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. मक्याची मुळे ‘स्ट्रिगोलॅक्टोन’ नावाची रसायने सोडतात. स्फुरद मिळवून देणाऱ्या उपयुक्त बुरशीला दिलेली ती हाक असते. ही हाक तणाचे बीही ऐकते, अंकुरते आणि मक्याच्या मुळाला चिकटून पाणी व अन्न शोषू लागते. तण जमिनीवर दिसते, तोवर बरेचसे नुकसान झालेले असते. त्यामुळे खुरपणीने यंदाचे पीक फारसे वाचत नाही. जमीन जितकी निकस, तितकी मुळांची हाक मोठी. म्हणूनच खत न परवडणाऱ्या शेतकऱ्यालाच याचा फटका जास्त बसतो.

मकाच इतका बळी का पडतो?

ज्वारी मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षे या तणासोबत वाढल्याने तिच्या काही वाणांत नैसर्गिक प्रतिकारशक्ती आली. तिचा वापर करून तणाला दाद न देणारे वाण घडवणारे इथिओपियात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांना २००९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मका मात्र अमेरिका खंडातून आलेला पाहुणा. या शत्रूशी त्याची जुनी ओळख नाही. त्यामुळे नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेच्या पैदासकारांनी मेक्सिकोतील मक्याच्या एका रानटी भाईबंदाचे गुणही संकरातून मक्यात आणले.

‘सहनशील’ आणि ‘प्रतिकारक’ यांत फरक काय?

सहनशील वाण तण अंगावर घेऊनही बऱ्यापैकी कणसे देतो. प्रतिकारक वाण तणाचे बी कमी जागवतो किंवा त्याला मुळात शिरू देत नाही. पहिल्यात शेतकऱ्याचे यंदाचे भागते, पण तण फुलते आणि जमिनीत नव्या बियांची भर पडते. कर्जावर कर्ज चढावे तसा हा प्रकार. वाणाचा निकाल केवळ एकरी उताऱ्यावर लावला, तर हे कर्ज हिशेबात येतच नाही. म्हणून किती क्विंटल मका आला याबरोबरच किती तण उगवले, हेही चाचणीत तितक्याच वजनाने मोजले पाहिजे.

संशोधन कुठवर आले आहे?

मुळांची हाक पूर्ण बंद करता येत नाही. ती बुरशीसाठी हवी असते आणि हीच रसायने झाडाच्या वाढीचेही नियमन करतात. पण तिचा सूर बदलता येतो. ज्वारीतील ‘एलजीएस १’ या जनुकातील बदलामुळे असे घडते, हे २०१७ मध्ये समोर आले. मक्याबाबत २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात संशोधन प्रसिद्ध झाले. तणाला जोरात जागवणारे ‘झीलॅक्टोन’ कमी आणि ‘झीलॅक्टॉल’सारखी रसायने अधिक सोडणाऱ्या मक्याजवळ तणाचे बी कमी अंकुरते, असे त्यात आढळले. त्यामुळे पैदासकाराला तण उगवण्याची वाट न पाहता मुळातील रसायनांवरूनही निवड करता येईल.

मग वाण आला की प्रश्न सुटला?

नाही. आफ्रिकेतील ‘स्ट्रायगा हर्मोन्थिका’ परपरागीकरण करते. तिच्यात जनुकीय विविधता प्रचंड असल्याने एकाच जनुकावर उभी केलेली भिंत ती कधी तरी ओलांडणार. त्यामुळे एकाच वाणात अनेक अडथळे हवेत. जोडीला शेतातले उपायही हवेत. केनियातील ‘इसिपे’ संस्थेने रुजवलेल्या पद्धतीत मक्यात ‘डेस्मोडियम’ हे शेंगवर्गीय चारापीक घेतात. त्याच्या मुळांतील द्रव्यांमुळे तणाचे बी अंकुरते, पण मक्याला चिकटू न शकल्याने मरते. शिवाय जमिनीला नत्र आणि जनावरांना चारा मिळतो.

जमिनीत दशकभर टिकणाऱ्या बियांशी दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांनी लढता येत नाही. पैदास, बियाण्यांचा पुरवठा आणि जमिनीचा कस या तिन्हींवर सार्वजनिक संस्थांनी सलग खर्च केला पाहिजे. यंदाच्या कणसांसोबत जमिनीतले तणाचे बीही दरवर्षी घटू लागले, तरच तो वाण खऱ्या अर्थाने प्रतिकारक म्हणावा.