हृदयातल्या वायरचं ‘लाइव्ह लोकेशन’: एक्स-रे व्हिडिओमधलं एआय नक्की काय करतं?

‘रोबोटने केली अँजिओप्लास्टी’ अशी बातमी अधूनमधून आपल्या फीडवर येतेच. फोटो रोबोटचा असतो, चर्चाही त्याचीच. पण डॉक्टर असो की रोबोट, दोघांनाही आधी एकच गोष्ट कळावी लागते: शरीरात गेलेली वायर आत्ता, या क्षणी कुठे आहे? खरं तंत्रज्ञान इथे आहे, म्हणून आज त्याबद्दल बोलूया.

आधी थोडं बेसिक

अँजिओप्लास्टीत मनगटातून किंवा जांघेतून रक्तवाहिनीत एक नळी घालतात. तिच्यातून बारीक वायर हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात. त्या वायरवरून फुगा आणि स्टेंट आत जातो. अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिचमध्ये पहिली अशी प्रोसिजर केली. तेव्हाही डॉक्टर एक्स-रेच्या व्हिडिओकडे बघून काम करायचे, आजही तसंच करतात. या व्हिडिओला फ्लुरोस्कोपी म्हणतात.

अडचण अशी की चित्र स्वच्छ हवं तर रेडिएशन जास्त लागतं. पेशंटला ते एकदा-दोनदा, पण कॅथलॅबमधल्या डॉक्टर-टेक्निशियनना रोज, वर्षानुवर्षं. म्हणून अंगावर शिशाचा जड एप्रन असतो आणि डोस शक्य तितका कमी ठेवतात. तुमचा फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो, इथे अनेकदा १५ किंवा ७.५ वरच भागवतात. परिणाम? दाणेदार, धूसर व्हिडिओ.

फोन चेहरा ओळखतो, मग वायर का अवघड?

चेहऱ्याला डोळे, नाक, तोंड असं ठरलेलं काहीतरी असतं. वायरला काहीच नाही. हृदयासाठी नेहमी वापरली जाणारी वायर साधारण ०.३६ मिलीमीटर जाड असते, म्हणजे पेन-पेन्सिलमधल्या ०.५ च्या शिसापेक्षाही बारीक. ती वळते, स्वतःवरूनच जाते. हृदय धडधडतंय, पेशंट श्वास घेतोय, त्यामुळे सगळंच हलतंय. त्यात बरगडीची कड आणि पेसमेकरची तारही तशीच रेघ दिसते. २०१५ मध्ये आलेल्या यू-नेटसारख्या न्यूरल नेटवर्कमुळे अशा चित्रातला प्रत्येक पिक्सेल ‘वायर आहे की नाही’ असा वेगळा काढणं बरंच जमू लागलं.

आज वापरात असलेली ट्रिक: नाइट मोड!

फोनचा नाइट मोड अनेक फ्रेम घेतो, एकमेकांवर बसवतो आणि त्यातून एक स्वच्छ फोटो काढतो. कॅथलॅबमध्येही हेच चालतं. फुग्यावर एक्स-रेत ठळक दिसणारे दोन ठिपके असतात. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये ते शोधतं, सगळ्या फ्रेम त्या ठिपक्यांवर जुळवतं आणि सरासरी काढतं. एरवी जेमतेम दिसणारा स्टेंट मग स्पष्ट दिसतो आणि तो नीट उघडला का, हे कळतं. फिलिप्सचं ‘स्टेंटबूस्ट’, सीमेन्सचं ‘क्लिअरस्टेंट’ ही याचीच उदाहरणं.

फिलिप्सचं ‘डायनॅमिक कोरोनरी रोडमॅप’ आणखी एक पाऊल पुढे जातं. डाय सोडून एकदा काढलेला रक्तवाहिन्यांचा नकाशा ते लाइव्ह एक्स-रेवर, हृदयाच्या ठोक्याबरोबर हलवत दाखवतं. पुन्हा पुन्हा डाय कमी सोडावा लागला तर किडनीवरचा ताणही कमी.

मग रोबोटचं काय झालं?

डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी सुमारे ३२ किलोमीटर अंतरावरून, गांधीनगरहून अहमदाबादच्या हॉस्पिटलमधल्या पेशंटवर रोबोटने अँजिओप्लास्टी केली. एकूण पाच पेशंट होते. तो रोबोट कॉरिंडस कंपनीचा. २०१९ मध्ये सीमेन्स हेल्थिनियर्सने ती कंपनी विकत घेतली आणि २०२३ मध्ये हृदयाच्या प्रोसिजरसाठी हा रोबोट बंद करण्याचं जाहीर केलं. हेडलाइन रोबोटला मिळाली, टिकलं मात्र स्क्रीनमागचं सॉफ्टवेअर.

खरी मेख इथे आहे

धूसर फ्रेममध्ये वायरचा तुकडा गायब झाला की सॉफ्टवेअर आधीच्या फ्रेमवरून तो जोडून घेतं. म्हणजे अंदाज बांधतं. इन्स्टाच्या फिल्टरने कुत्र्याचे कान भिंतीला लावले तर आपण हसतो. इथे वायरचं टोक चुकीच्या बारीक फांदीत गेलं तर रक्तवाहिनीला भोक पडू शकतं.

म्हणून ‘इतके टक्के अचूक’ या दाव्याकडे जरा नीट बघा. समजा वायरची ९८ टक्के लांबी बरोबर सापडली आणि शेवटची २ टक्के चुकली. आकडा झकास दिसेल, पण ती २ टक्के म्हणजेच टोक असेल तर डॉक्टरच्या दृष्टीने तो निकाल नापासच.

भारतात १ एप्रिल २०२० पासून असं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येतं. युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला लागू झाला आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येतायत. नियम हवेतच. पण स्वच्छ दिसणारं चित्र आणि खरं चित्र यातला फरक स्क्रीनवरच कळला पाहिजे. जिथे वायर दिसली तिथे ठळक रेघ, जिथे अंदाज आहे तिथे तुटक रेघ, एवढं साधं.

पुढच्या वेळी अशी बातमी आली की तीन गोष्टी शोधा: टोक किती वेळा चुकलं? कमी डोसच्या धूसर व्हिडिओवर तपासलं का? आणि वायर दिसेनाशी झाली की सॉफ्टवेअर गप्प बसतं, की ठोकून देतं?