‘रिसेन्ट’ साफ केलं म्हणजे नेमकं काय साफ झालं?

आमच्या कारंजात मगरीबनंतर चहाच्या टपरीवर जी पोरं बसतात, त्यांच्या अंगठ्याकडे कधी बघा. कुणी मोठा माणूस जवळ येताना दिसला की अंगठा खालून वर सरकतो, उघडलेल्या अ‍ॅपची चित्रं रांगेत दिसतात, खालच्या फुलीवर एक टिचकी, आणि सगळं गायब. मग पोरगं निरागस चेहऱ्यानं विचारतं, ‘चाचा, चाय पिओगे?’ त्यातल्या निम्म्या पोरांनी लपवण्यासारखं काही केलेलं नसतं. क्रिकेटचा स्कोअर, रील, नाहीतर भरतीचा एखादा ग्रुप. तरी अंगठा सरकतोच. तो आता विचारून सरकत नाही.

ही सवय आजची नाही. मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा साहेबांनी मला एक हातातला संगणकवजा फोन दिला होता, विंडोज मोबाइलचा. त्याच्या स्टार्ट मेन्यूत वरच्या ओळीत अलीकडे वापरलेल्या प्रोग्रामची छोटी चित्रं यायची. मी जेवणाच्या सुट्टीत त्यावर पत्ते खेळायचो आणि ती पत्त्यांची खूण दिवसभर तिथं बसलेली असायची. ती काढायची सरळ सोय मला काही सापडली नाही. म्हणून मी काय करायचो, तर चार-पाच कामाचे प्रोग्राम ओळीनं उघडून बंद करायचो, म्हणजे पत्ते मागे ढकलले जायचे. साहेबांनी माझा फोन एकदाही बघितला नाही. पण मी रोज तो उद्योग करायचो. आज हसू येतं, पण टपरीवरच्या पोरांना हसायचा हक्क मला नाही.

माझी आपा मंगरूळपीरला असते. तिचा मोठा मुलगा वाशिमला शिकतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मुलांच्या स्टेटसवरून वातावरण पेटलं, ७ जूनला बंद, दगडफेक, मग इंटरनेट बंद. त्याआधी मे महिन्यात आमच्या शेजारच्या अकोल्यात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दंगल झालेली. आणि त्याच वर्षी जानेवारीत खुद्द मंगरूळपीरमध्ये उरुसाच्या मिरवणुकीत औरंगजेबाचं चित्र नाचवल्यावरून गुन्हा दाखल झाला होता. त्यामुळे कोल्हापूर लांब असलं तरी भीती लांब नव्हती. त्या रात्री भाच्याचा फोन आला. आवाज बारीक. त्यानं कधीतरी टिपू सुलतानचं चित्र स्टेटसला ठेवलं होतं, त्याखाली काही लिहिलेलंसुद्धा नव्हतं. म्हणाला, ‘मामू, मैं रिसेन्ट रोज साफ करता हूँ. फिर भी कुछ दिखेगा क्या?’

मी त्याला खरं ते सांगितलं. रिसेन्टची यादी ही फोनची स्मरणवही नाही. ती फक्त दारात काढून ठेवलेल्या चपलांची रांग आहे, कोण आत येऊन गेलं ते दाखवणारी. चपला उचलल्या म्हणून माणसं आली नव्हती असं होत नाही. ‘सगळं साफ करा’ दाबलं की अ‍ॅप फोनच्या तात्पुरत्या स्मृतीतून बाहेर पडतं, एवढंच. व्हॉट्सअ‍ॅपमधलं बोलणं जागेवर असतं. यूट्यूबवर काय बघितलं ते यूट्यूबच्या इतिहासात असतं. गूगलच्या खात्यात ‘माझी अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणून पान आहे, तिथं शोध तारखेनिशी लागलेले असतात. जून २०२० नंतर काढलेल्या नव्या खात्यात तर १८ महिने ते आपोआप ठेवलं जातं, आपण मुदत बदलली नाही तर. डिजिटल वेलबीइंग उघडलं की आज कुठल्या अ‍ॅपवर किती मिनिटं गेली ते दिसतं, रिसेन्ट कितीही वेळा पुसा. यूपीआयचे पैसे तर फोन विहिरीत टाकला तरी बँकेत नोंदलेले असतात. स्टेटस २४ तासांनी जातं, पण कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढला असेल तर तो त्याच्या फोनमध्ये कायमचा राहतो.

बॅटरी वाचते म्हणून साफ करतो, असं सांगणारेही भेटतात. फुली दाबल्यावर ‘इतकी जागा मोकळी झाली’ असा आकडा येतो तेव्हा अंगण झाडल्यासारखं समाधान वाटतं, हे मला मान्य आहे. पण २०१६ मध्ये एका ग्राहकानं अ‍ॅपलच्या टिम कुक यांना विचारलं होतं, तुम्ही अ‍ॅप असे बंद करता का आणि बॅटरीसाठी ते लागतं का. क्रेग फेडेरिगींकडून दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असं आलं. अँड्रॉइडवालेही तेच सांगतात. उलट बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडताना जास्त ताकद लागते. एखादं अ‍ॅप अडकलं तर ते काढावं, बाकी रोजच्या झाडलोटीला अर्थ नाही.

म्हणजे चोरी लपत नाही, बॅटरी वाचत नाही. मग आपण पुसतो कशासाठी? मला वाटतं, कुणीतरी फोन हातातून घेईल या भीतीनं. आणि इथं मला दोन वेगवेगळ्या हातांबद्दल बोलायचं आहे.

पहिला हात सरकारचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादेत गांजाच्या शोधात पोलीस रस्त्यात लोकांना अडवून त्यांच्या चॅट चाळत होते, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला. त्याआधी चार वर्षं, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं होतं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आजच्या नागरिक सुरक्षा संहितेत फोन मागायचा तर कलम ९४ खाली लेखी आदेशाची वाट आहे, आणि झडती-जप्ती झाली तर कलम १०५ प्रमाणे तिचं चित्रीकरण करायचं आहे. चौकात ‘दाखव रे’ म्हणणं ही त्यातली कुठलीच वाट नाही. आता कारंजाच्या चौकात उभा असलेला वीस वर्षांचा पोरगा शिपायाला कलम सांगेल का? नाही सांगणार. मीसुद्धा नसतं सांगितलं. पण निदान घरच्यांना आणि मोहल्ल्यातल्या वकिलाला ते माहीत असायला हवं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: गुन्हा दाखल झाल्यावर, बोलावणं आल्यावर घाबरून काही डिलीट करू नका. पुरावा नाहीसा करणं हा न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, कलम २३८ आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी २४१. जे मुळात गुन्हा नव्हतं, ते पुसण्याच्या नादात पोरं खऱ्या गुन्ह्यात अडकू शकतात.

आणि मुळात गुन्हा नसतो हे मी उगाच म्हणत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातल्या काश्मिरी प्राध्यापकानं ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेटस ठेवलं होतं: ५ ऑगस्ट हा काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. कलम १५३-अ लागलं. उच्च न्यायालयानंही दिलासा दिला नाही. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो गुन्हा रद्द केला, सरकारच्या निर्णयावर नाराजी दाखवणं हा नागरिकाचा हक्क आहे म्हणून सांगितलं, आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याबद्दल पोलिसांना शिकवायला हवं असंही म्हटलं. त्या माणसाची मधली दीड वर्षं कोण भरून देणार, हा प्रश्न वेगळा. तरी मी भाच्याला हा निकाल नंतर वाचून दाखवला. दुसऱ्याच्या श्रद्धेवर घाण टाकणारं स्टेटस आणि हे, यातला फरकही समजावला. तो फरक आपल्याच पोरांना कळत नाही असं बऱ्याचदा दिसतं, आणि तेव्हा ‘आमच्यावरच अन्याय’ म्हणून त्यांची पाठराखण करणं मला जमत नाही.

दुसरा हात आपला स्वतःचा. हे लिहायला मला जास्त जड जातं.

त्याच आपाची मुलगी बारावीला होती. तिचा फोन तिचा भाऊ, म्हणजे हाच माझा भाचा, रोज रात्री घेऊन बघायचा. अब्बूंनी सांगितलं होतं म्हणे, ‘नजर ठेव’. पोरीलाही सवय लागली, भाऊ खोलीत आला की रिसेन्ट साफ. एक दिवस भावानं फोन घेतला तर यादी कोरी. त्यावरून घरात केवढा तमाशा! ‘कुछ नहीं था तो साफ क्यों किया?’ त्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. कोरी यादीच तिच्याविरुद्ध साक्षीदार झाली. जो मुलगा मला रात्री अकरा वाजता थरथरत विचारत होता की पोलिसांना काय दिसेल, तोच सकाळी बहिणीसमोर पोलीस होऊन उभा होता.

दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकू नका, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे, आणि शुक्रवारच्या बयानात तो आपण गीबतीच्या जोडीनं ऐकतो. हजरत उमर यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते: रात्री गस्त घालताना ते भिंत चढून एका घरात उतरले आणि घरमालकाला गुन्हा करताना पकडलं. तो म्हणाला, माझा गुन्हा एक, तुमचे तीन. हेरगिरी केलीत, दाराऐवजी भिंतीवरून आलात, सलाम न करता आत शिरलात. खलिफा परत फिरले. पोलिसांच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याला लगेच आठवते. बहिणीचा फोन हातात घेताना का आठवत नाही? लहान मुलांवर लक्ष ठेवायला हवं, फसवणुकीचे फोन येतात, सगळं खरं. पण त्यासाठी शेजारी बसून विचारता येतं. रात्री फोन हिसकावणं म्हणजे भिंत चढणंच.

मागच्या ईदला मंगरूळपीरला गेलो तेव्हा भाच्याला आणि भाचीला समोरासमोर बसवलं. ‘तू तुझी गूगलची अ‍ॅक्टिव्हिटी उघड, बहिणीला दाखव,’ असं भाच्याला म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. ‘मामू, वो पर्सनल है.’ आपा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण हसली. मग मी दोघांना मुदत कशी बदलायची ते दाखवलं, तीन महिन्यांवर आणली. व्हॉट्सअ‍ॅपला लॉक लावून दिला. भाचीनं नवा पिन टाकला तेव्हा भाऊ सवयीनं वाकून बघायला लागला, आणि तिनं फोन छातीशी धरला.

अब्बूंना अजून सांगितलेलं नाही. ते आपा सांगणार आहे.